पंगतीच्या आधी

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात वर्षभरात किती पंगती उठतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. लग्न, तेरवी, नवरात्रातला महाप्रसाद, भागवत सप्ताहाची समाप्ती, राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीचा गोपालकाला, चौदा एप्रिलचे भोजनदान, अशी निमित्ते संपतच नाहीत. कामठ्यात लहरी आश्रमाच्या उत्सवांना बाहेरगावचे भाविक येतात, त्यांची आणखी भर. त्यामुळे लोक एकत्र जेवत नाहीत अशी तक्रार इथे कुणी करणार नाही. पण हीच पंगत मागच्या बाजूने, म्हणजे विटांच्या चुलाणावर गंज (मोठी पातेली) ठेवलेले असतात तिकडून पाहिली, की वेगळेच चित्र दिसते. तिथे ठरलेले मोजके हात असतात: मजुरीने आणलेला आचारी, त्याचे दोन-तीन मदतनीस, आणि भाजी चिरायला बसवलेल्या बायका. काय शिजवायचे, किती तेल ओतायचे, कोणती भाजी घ्यायची हे आधीच ठरलेले असते. गावाने वर्गणी द्यायची, वाढायचे आणि जेवून उठायचे. या पुस्तिकेचा विषय पंगत नाही, तिच्या आधीचे ते तीन-चार तास आहेत. तो वेळ गावाने आपल्या हाती घेतला, वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी ठरवून, ठरलेल्या दिवशी, शिकण्याच्या हेतूने एकत्र रांधले, तर अन्नाचे कौशल्य आणि माणसांची ओळख ही दोन्ही एकाच चुलीवर तयार होतात, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. एकत्र जेवणारा पाहुणा असू शकतो, एकत्र रांधणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या हाताची गरज पडते. सगळा फरक तिथून सुरू होतो.

या पुस्तिकेसाठी कामठ्याची निवड सोयीसाठी केलेली नाही. गोंदिया तालुक्यातले हे जुने ठाणे. १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेले चिमणा पटेल इथलेच जमीनदार. भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, पण भाताचा आणि तलावांचा हा मुलूख त्याहून खूप जुना. एका अंगाला मध्य प्रदेशातले बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, त्यामुळे आठवडी बाजारात झाडीबोली, पोवारी, लोधी आणि हिंदी एकाच वेळी कानावर पडतात. शेत म्हणजे धानाची बांधी, शहर म्हणजे राईस मिल, आणि घरातले मुख्य अन्न म्हणजे भात. त्याच्या आजूबाजूला मात्र मोठी विविधता आहे. बांधीत आणि मालगुजारी तलावांत मासे, झिंगे, खेकडे. पावसाळ्यात जंगलातून आणि बांधावरून तरोटा, काटवल, वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी). परसात धोपा (अळू) आणि कोचई. धान निघाल्यावर लाखोळी, जवस, पोपट. ही संपत्ती कागदावर जिल्ह्याची असली, तरी तिचे ज्ञान मोहल्ल्या-मोहल्ल्यांत विभागलेले आहे. तलावातला जिन्नस कसा साफ करायचा आणि सुकवायचा हे ढिवरांच्या घरात पक्के माहीत, भाजीचा मोसम मरारांच्या घरात, जंगलातले काय खायचे आणि काय टाळायचे हे गोंडांच्या घरात. एका घराची सवय दुसऱ्या घरी पोचवणारे रस्ते पूर्वी होते. रोवणीच्या वेळी बांधावर सोडलेल्या शिदोऱ्या, उन्हाळ्यात एकमेकींच्या अंगणात घातलेल्या वड्या, पापड, कुरड्या आणि सरगुंडे यांतून चवीबरोबर पद्धतही फिरायची. आता पापड पाकिटातून येतात आणि रोवणीचा गट ठेक्याने घाईत काम उरकतो. रस्ते अगदी बंद झालेले नाहीत, पण अरुंद नक्कीच झाले आहेत.

अन्नाचे कौशल्य म्हणजे चार पदार्थ चविष्ट करता येणे, एवढाच अर्थ घेतला तर हा विषय किरकोळ वाटेल. म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. उभ्या धानात बी फेकून शेतातल्या उरल्या ओलीवर येणारी लाखोळी ही पूर्व विदर्भातल्या गरिबाची डाळ. तिच्यात मज्जासंस्थेला अपाय करणारे द्रव्य असते. महिनोन्महिने जवळजवळ तीच एक खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. याच कारणाने महाराष्ट्रात तिच्या विक्रीवर दीर्घकाळ बंदी होती, ती २००८ मध्ये उठली. बंदी उठली म्हणून डाळ बदलली नाही, सावधगिरी मात्र स्वयंपाकघरात आली. डाळ कडक पाण्यात भिजू द्यायची आणि ते पाणी फेकून द्यायचे; मग भरपूर पाण्यात उकळून तेही ओतून टाकायचे; ताटात ती एकटी ठेवायची नाही, भात, दुसरी डाळ आणि पालेभाजी सोबत ठेवायची. एवढे केले की धोका बराच उतरतो. आता याच चुलीवर शेजारी भात शिजतो आहे. लाखोळीचे पाणी फेकायचे हे शिकलेली बाई त्याच सवयीने भाताचा माडही फेकू लागली, तर पाण्यात उतरलेली ब जीवनसत्त्वे मोरीत जातात. एका भांड्यातले पाणी टाकायचे आणि दुसऱ्यातले राखायचे, हा विवेक म्हणजे कौशल्य. वास्ते बारीक चिरून उकळून पहिले पाणी टाकावे लागते, कारण कोवळ्या बांबूत विषारी अंश असतो. धोप्याच्या पानाला चिंचेचे किंवा ताकाचे आंबट लागते, नाहीतर घसा खाजतो. सात्या ओळखून तोडाव्या लागतात आणि ओळख चुकली तर दवाखाना गाठावा लागतो. यातले काहीही भिंतीवरच्या पोस्टरमधून पुरते शिकता येत नाही. पाणी केव्हा ओतायचे हे रंगावरून, वासावरून आणि शेजारी उभ्या असलेल्या जाणत्या बाईच्या ‘थांब, अजून नाही’ एवढ्या शब्दांवरून कळते. म्हणून असे शिक्षण चुलीपाशीच व्हावे लागते, आणि जाणती बाई आपल्याच घरात नसेल तर दुसऱ्या घराच्या चुलीपाशी.

या कौशल्याची आज निकड काय, हे आकडे सांगतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. त्याच सर्वेक्षणानुसार देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि पुरेसा विविध आहार मिळणारी बाळे जेमतेम ११.३ टक्के. गोंदियासारख्या जिल्ह्यात रक्तक्षयाचा सगळा दोष ताटावर टाकता येणार नाही, इथे सिकलसेलचा आजारही आहे आणि त्यावर स्वयंपाक हा इलाज नाही. तरीही एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते मोफत आहे. पोट भरण्याचा प्रश्न त्याने हलका केला. पण रेशनची पिशवी धान्याने भरते. डाळ, भाजी, अंडे, मासळी यांची जागा तिच्यात नाही. तांदळाच्या प्रदेशात तांदूळच आणखी सोपा झाला की ताटातला पांढरा भाग वाढतो आणि बाकीचे कमी होत जाते. धान्य देणे सरकारला जमते. त्या धान्याभोवती उरलेले ताट कसे उभे करायचे, हे काम घराघरातल्या हातांचे आहे.

ते हात एकत्र आले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या एका भातप्रदेशातून मिळते. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या वतीने व्हिएतनाममध्ये गेले. थान होआ प्रांतातल्या गावांत मुलांचे कुपोषण मोठे होते, हाती पैसा थोडा होता आणि सरकारने काही करून दाखवायला मुदत दिली होती जेमतेम सहा महिन्यांची. त्यांनी बाहेरून अन्न आणले नाही. गावातल्याच बायकांना घेऊन मुलांची वजने केली आणि एक प्रश्न विचारला: घर तितकेच गरीब, तरी मूल अंगाने भरलेले, असे इथे कुणी आहे का? अशी घरे सापडली. तिथल्या आया भातशेतातले इवले झिंगे आणि खेकडे वेचून मुलांच्या जेवणात घालत होत्या. रताळ्याचा पाला, जो बाकीच्यांना मुलांसाठी हलका वाटे, तोही देत होत्या. दिवसातून दोनदा पोटभर भरवण्याऐवजी थोडे थोडे अधिक वेळा भरवत होत्या. मग या बायकांचे व्याख्यान ठेवण्याऐवजी कुपोषित मुलांच्या आयांना दोन आठवडे रोज एकत्र स्वयंपाकाला बोलावले. प्रवेशाची अट एकच: येताना मूठभर झिंगे, खेकडे किंवा पाला वेचून आणायचा. वेचणे, साफ करणे, शिजवणे, भरवणे हे सारे हाताने झाले. दोन वर्षांत कुपोषणात मोठी घट दिसली. त्याहून महत्त्वाचे असे की नंतरच्या पाहणीत, या कार्यक्रमात कधीच न आलेल्या, पुढे जन्मलेल्या धाकट्या भावंडांचे पोषणही बरे आढळले. खिचडी वाटली असती तर ती त्या दिवशीच संपली असती. सवय मात्र घरी गेली आणि पुढच्या मुलापर्यंत टिकली. कामठ्याच्या बांधीत झिंगे, खेकडे आणि पालेभाज्या नव्याने सांगाव्या लागत नाहीत, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटायला नको.

उदाहरण बोलके असले तरी त्याच्यावर हवेतले इमले बांधू नयेत. व्हिएतनाममध्येच पुढे अधिक काटेकोर पद्धतीने झालेल्या अभ्यासात वाढीतला फायदा सरसकट सगळ्या मुलांत दिसला नाही, मुख्यत्वे वयाने लहान आणि अधिक कुपोषित मुलांतच तो स्पष्ट होता. १९८० च्या दशकात कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराच्या कष्टकरी वस्तीत शेजारणींनी मिळून सामान घ्यायचे, मिळून शिजवायचे आणि आठवड्याचे जेवण वाटून घरी न्यायचे, अशी सामूहिक स्वयंपाकघरे सुरू झाली आणि नंतर इतर देशांतही पसरली. अशा स्वयंपाकघरांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष सावध होता: स्वयंपाकाचा आत्मविश्वास, खाण्यातली विविधता आणि लोकांमधला संपर्क वाढल्याची चिन्हे आहेत, पण अभ्यास थोडे आणि त्यांची रचना कमकुवत आहे. हा सावधपणा मान्य करूनही एक गोष्ट उरते. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हेतूंनी झालेल्या या प्रयत्नांत सहभागी माणसे जेवणाइतकाच, कधी त्याहून अधिक, सोबतीचा उल्लेख करतात. स्वयंपाक शिकायला आलेल्यांना माणसे भेटली आणि माणसांच्या ओढीने ती पुन्हा स्वयंपाकाला आली. ही दोन फळे वेगळी काढता येत नाहीत. सोबतीशिवाय शिकणारा दुसऱ्या आठवड्यात येणे थांबवतो, आणि हाताला काम नसेल तर नुसत्या गप्पांसाठी गावातल्या कष्टकरी बाईला घरून वेळ मिळत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. लोक उपाशी किंवा अर्धपोटी राहतात ते स्वयंपाक येत नाही म्हणून नव्हे, तर डाळ आणि तेल परवडत नाही म्हणून. त्यांना पाककृती शिकवणे म्हणजे जखमेवर उपदेश चोळणे, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत. कॅनडातल्या संशोधक व्हॅलेरी टॅरासुक यांनी १९९९ मध्ये एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष नेमका हाच होता: सामूहिक स्वयंपाकघराने धीर मिळतो, आधार मिळतो, थोडे शिकणेही होते, पण उत्पन्नच अपुरे असलेल्या घराची अन्नटंचाई त्याने मिटत नाही. म्हणून या पुस्तिकेची पहिली मर्यादा इथेच लिहून ठेवायला हवी. सामूहिक स्वयंपाक हा रेशनला, मजुरीला, धानाच्या भावाला किंवा अंगणवाडीतल्या आहाराला पर्याय नाही, आणि तसा पर्याय म्हणून कुणी तो पुढे केला तर त्याला विरोधच व्हावा. पण व्हिएतनामच्या गावांनी दुसरी बाजूही दाखवली आहे. एकाच उत्पन्नाच्या दोन घरांत मुलांची तब्येत वेगळी असू शकते, आणि त्या फरकातला काही भाग शिकता येण्याजोगा असतो. शिवाय एका मोठ्या गंजात शिजवल्याने सरपण, तेल आणि वेळ यांची बचत होते, आणि मोठ्या खरेदीत भाव कमी लागतो. गरिबी हटवण्याइतके हे बळ नाही, पण गरिबीतही हातात असलेले वाया जाऊ न देण्याइतके नक्की आहे. ज्याच्याकडे थोडे आहे, त्याला ते पुरवून वापरण्याचे कौशल्य अधिक लागते.

दुसरा आक्षेप बायकांकडून येतो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. घरचे दोन वेळचे रांधून, बांधीत वाकून, कुणी विड्या वळून दमलेल्या बाईला आणखी एका चुलीपाशी बोलावणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक भारा ठेवणे नाही का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनपगारी कामात दिवसभरात कधीतरी हात घालणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के आणि पुरुषांचे २६.१ टक्के आढळले. जे करतात त्यांचाही सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. या आकड्यांपुढे ‘बचत गटाच्या भगिनींसाठी पाककृती मेळावा’ असा फलक लावून मोकळे होणे शोभत नाही. आपल्या गावांतल्या मोठ्या पंगतीचा आचारी बहुधा पुरुषच असतो, म्हणजे मजुरी मिळाली की पुरुषाच्या हाताला सराटा जड जात नाही. तेव्हा सामूहिक स्वयंपाकात पुरुष आणि शाळकरी मुले असणे ही अट असायला हवी, सूट नव्हे. गावातली पोरे नागपूर, पुणे, हैदराबादला कामाला जातात आणि खोलीवर डाळ-भात लावता येत नाही म्हणून पगारातला मोठा हिस्सा खानावळीला देतात. आठवी-नववीतल्या मुलाला भात, वरण आणि एक पालेभाजी हाताने करता आली तर तो फायदा त्याच्या आईला आज आणि त्याला उद्या मिळतो. दिवस निवडतानाही शहाणपण लागेल. रोवणी आणि कापणीच्या आठवड्यांत चूल पेटवायचीच नाही. आणि जिथे स्वयंपाक ही सेवा न राहता काम होते, तिथे मोबदला हवा. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेले, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकाला पहिल्यांदा कामाचा दर्जा मिळाला. त्या बायका रांधत आधीपासूनच होत्या, एकत्र येण्याने त्यांची पत उभी राहिली.

तिसरा प्रश्न जातीचा, आणि तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात अन्न पदोपदी येते. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडवली आणि १९३३ मध्ये सर्व जातींसाठी उपाहारगृह काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे चहा घेतला. यांतले शेवटचे उदाहरण आपल्या विषयाला सर्वांत जवळचे आहे. शेजारी बसून जेवणे एक, पण कुणाच्या हातचे खायचे ही कसोटी अधिक कडक असते आणि महाराजांनी नेमकी तीच घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात शाळेच्या पोषण आहारासाठी स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले, यामागेही तीच समज होती. आजही गावोगाव पंगत एक असते आणि गंजाला हात लावणारे मात्र ठरावीक मोहल्ल्यातले असतात. ‘आम्ही भेदभाव करत नाही, सगळे एकत्र जेवतात’ या वाक्याची परीक्षा चुलाणापाशी होते. सामूहिक स्वयंपाकाने जात जाईल असे म्हणणे भाबडेपणा ठरेल. उलट, नियम नसतील तर तोच भेद तिथेही येऊन बसेल: एका मोहल्ल्याने भांडी घासायची आणि दुसऱ्याने फोडणी द्यायची. म्हणून कामाच्या पाळ्या चिठ्ठी टाकून ठरवाव्यात, पीठ मळणे, फोडणी, वाढणे आणि भांडी ही सर्व कामे सर्वांकडे फिरावीत, आणि ज्या घरची पद्धत शिकायची त्या घरची बाई त्या दिवशी प्रमुख असावी. ढिवर बाईकडून झिंगे साफ करायला शिकणारी, गोंड बाईला सात्यांची ओळख विचारणारी सधन घरची सून त्या दिवसापुरती विद्यार्थिनी असते. शिकवणाऱ्याचा मान दान घेणाऱ्याला कधी मिळत नाही. म्हणून या उपक्रमाला अन्नदानाचे रूप येऊ देऊ नये.

ओळख वाढते म्हणजे नेमके काय होते, हेही स्पष्ट करायला हवे, कारण ‘सामाजिक सलोखा’ हा शब्द अहवालांत वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. आपण फार मिळून-मिसळून खाणारी माणसे आहोत, अशी आपली समजूत असते. जागतिक आनंद अहवालाच्या २०२५ च्या आवृत्तीत लोक आठवड्यातून किती जेवणे ओळखीच्या माणसासोबत घेतात याची देशोदेशीची तुलना आली, तेव्हा दक्षिण आशिया खालच्या टोकाला होता. आपल्या घरांकडे पाहिले तर यात नवल नाही. आधी पुरुष, मग मुले आणि सगळ्यांत शेवटी, उरले असेल ते घेऊन, एकटी बाई. बालाघाटकडून लग्न होऊन आलेली सून सासरच्या गल्लीत वर्षभर कुणाला नीट ओळखत नाही. पोरे बाहेरगावी गेलेल्या म्हातारा-म्हातारीच्या घरात चूल एकदाच पेटते आणि रात्री सकाळचाच भात असतो. अशा माणसाला ‘या, बसा, गप्पा मारू’ म्हटले तर तो संकोचतो. ‘सहा किलो भोपळा चिरायचा आहे, या’ म्हटले तर येतो. कामाचे निमित्त अनोळखी माणसांतला अवघडलेपणा मोडते. आणि इथे वयाचा क्रमही फिरतो. ज्या म्हातारीला मोबाईल वापरता येत नाही म्हणून नातवंडे हसतात, तिलाच धोप्याचे पान किती कोवळे घ्यायचे ते विचारावे लागते. पुढे घरात आजारपण आले, बाळंतपण आले, कुणाच्या दाराशी जायचे असा प्रश्न पडला, तर ज्यांच्यासोबत एका गंजात सराटा फिरवला त्यांचे दार आधी आठवते. हा उपयोग मोजायला कठीण असला तरी गावात राहणाऱ्याला त्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

‘हे सगळे सरकार करतेच आहे’ असा शेवटचा आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळांत शिजवलेले जेवण बंधनकारक झाले. आज प्राथमिक वर्गातल्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. आदिवासी भागात, म्हणजे आपल्या जिल्ह्यात देवरी प्रकल्पाच्या गावांत, २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. तीव्र कुपोषित बालकांसाठी ग्राम बाल विकास केंद्रे आहेत, सप्टेंबरात पोषण माह असतो, ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. म्हणजे चूल आहे, भांडी आहेत, धान्य आहे, बचत गटांच्या रूपाने माणसेही आहेत. उणीव दोन गोष्टींची आहे. पहिली ही की या प्रत्येक ठिकाणी शिजवणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे उभा आहे: मूल पोषण आहार खाते, पण तो कसा शिजतो हे त्याला माहीत नसते, महोत्सवात भाजी टेबलावर मांडली जाते, तिचा फोटो निघतो आणि पाहणारा रिकाम्या हाताने घरी जातो. दुसरी उणीव सातत्याची, कारण वर्षातून एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाने हाताला वळण लागत नाही. त्यामुळे नवी योजना, नवी इमारत किंवा नवा निधी मागण्याआधी शाळेची परसबाग, अंगणवाडीची शेगडी आणि महिन्यातला एक रविवार एवढे एकत्र आणावे. सुरक्षिततेत मात्र हयगय चालणार नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामण येथे शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले दगावली. जिथे धानावर फवारणी होते तिथे औषधाचा रिकामा डबा स्वयंपाकाच्या जवळपास दिसता कामा नये, तेल-मिठाची भांडी ओळखीची आणि बंद असावीत, आणि पहिला घास मुलांच्या आधी मोठ्यांनी खावा. अनोळखी सात्या तर कुणी कितीही खात्री दिली तरी गंजात पडू नयेत.

पुढच्या प्रकरणांत पाककृती आहेत, पण त्या शेवटी आहेत. आधी गट कसा करायचा, पाळ्या कशा लावायच्या, वीस माणसांसाठी सामान कसे काढायचे, खर्चाचा हिशेब कसा फलकावर लिहायचा, आणि कोणत्या महिन्यात कोणता जिन्नस गावात फुकट किंवा स्वस्त मिळतो याची मांडणी आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पाककृती कुठेही मिळते. ती हातात उतरेल अशी चार-पाच घरांची बैठक मिळत नाही. सुरुवात लहान असावी. एका मोहल्ल्यातली दहा-बारा माणसे, त्यात निदान तीन पुरुष आणि दोन शाळकरी मुले, एक गंज आणि प्रत्येकाने घरून आणलेली मूठभर वस्तू एवढ्यावर पहिला रविवार निघतो. महाप्रसादाच्या चुलाणाशीही ही रीत नेता येईल. आचारी राहू दे, पण त्याच्या हाताखाली दर वेळी चार नवी माणसे शिकायला उभी राहू देत आणि बटाट्याच्या जोडीला एक पालेभाजी शिजू दे.

उपक्रम चालला की नाही हे ठरवताना किती ताटे उठली हा आकडा फसवा आहे, कारण तो जेवणावळीतही मोठा दिसतो. वर्षाच्या शेवटी तीन प्रश्न विचारावेत. या घरच्या जेवणात दुसऱ्या मोहल्ल्याकडून आलेला एखादा पदार्थ आता नियमाने होतो का? गटातल्या पुरुषांपैकी कुणी आपल्या घरीही रांधू लागला का? आणि एखादा रविवार ज्याने पुढाकार घेतला तो गावाला गेला, तर त्याच्याशिवाय चूल पेटली का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ आली तर ही पुस्तिका कपाटात ठेवायला हरकत नाही. एखादे जरी ‘नाही’ आले, तर त्या प्रश्नाचे प्रकरण पुन्हा उघडावे आणि पुढच्या महिन्याची पाळी त्यानुसार लावावी.